खुणेला पाप लागते का?

दिवाळीच्या अंकात हिटलरचे नाव काढणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी कारले वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. तरी वाचकांनी जरा सोसावे. ज्या खुणेविषयी मला लिहायचे आहे ती या चार दिवसांत आपल्या घराघरांतून जितक्या वेळा काढली जाते, तितकी एरवी वर्षभरात काढली जात नसेल. उंबऱ्यावर, कलशावर, लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या पहिल्या पानावर, तिजोरीच्या दारावर, आणि पाडव्याचा मुहूर्त साधून नवी दुचाकी घरी आली तर तिच्या कपाळावरदेखील कुंकवाचे स्वस्तिक उमटते. हात सवयीने फिरतो. दोन रेषा एकमेकींना छेदतात, चार टोके वळतात, चार घरांत चार टिंबे पडतात. मी स्वतः ही खूण किती हजार वेळा काढली असेल कोण जाणे. आणि ती काढताना कुणाचे वाईट व्हावे असे मनात आल्याचे मला आठवत नाही. ‘सु’ आणि ‘अस्ति’. बरे असो, एवढेच ती सांगते.

आणि हीच खूण पाहिली की जगातल्या लक्षावधी माणसांच्या अंगावर काटा येतो. ती माणसे वेडी नाहीत.

वरच्या वर्गाला मी एकदा दुसरे महायुद्ध शिकवत होते. भिंतीला एक जुने छायाचित्र लावले होते. रस्ता, दुतर्फा लोंबणारी निशाणे, आणि प्रत्येक निशाणावर ते चिन्ह. मागच्या बाकावरची एक मुलगी चटकन म्हणाली, “बाई, हे तर आपलं स्वस्तिक!” तिच्या शेजारच्या बाकावरून लगेच उत्तर आले, “आपलं नाही काही. त्याचं उलटं असतं. बाबांनी सांगितलंय.” सगळ्या वर्गाने सुटकेचा श्वास टाकला. हा समज पुष्कळ मोठ्या माणसांचाही आहे. आपले सुलटे, त्याचे उलटे. आपले पुण्याचे, त्याचे पापाचे. हिशेब कसा चोख!

मी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढून दाखवली. आपल्या स्वस्तिकाची टोके उजवीकडे वळतात. नाझींच्या निशाणावरच्या खुणेचीही उजवीकडेच वळतात. फरक इतकाच की निशाणावर ती खूण कोपऱ्यावर कलती उभी आहे. आणि हिटलरच्या स्वतःच्या खास ध्वजावर तर ती कललेलीही नव्हती, आपल्यासारखीच सरळ होती. शिवाय डावीकडे वळणारी खूण पुण्यवान नाही असे कुठे आहे? जपानच्या नकाशांत बौद्ध मंदिराची जागा तीच दाखवते. मुले फळ्याकडे टकामका पाहत राहिली. मग त्याच मुलीने विचारले, “मग बाई, आपण काढायचं की नाही?”

तासाची दहा मिनिटे उरली होती. त्या दहा मिनिटांत मावणारे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही पूर्ण आहे असे नाही. पण त्या दिवसापासून मी या खुणेच्या मागावर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यामुळे जे जमेल ते वाचत, विचारत गेले.

ही खूण एकट्या आपली कधीच नव्हती. मोहेंजोदडो-हडप्पाच्या मुद्रांवर ती आहे. जैनांत सातव्या तीर्थंकरांचे, सुपार्श्वनाथांचे, ते लांछन आहे आणि त्याच्या चार भुजा म्हणजे जिवाच्या चार गती. अमेरिकेतल्या नव्हाहो लोकांच्या घोंगड्यांत ती विणलेली असे. आपला आणि त्यांचा संबंध काय? काही नाही. दोन काड्या आणि चार वळणे. माणसाच्या हाताला ती कुठेही सुचावीत अशीच आहेत.

युरोपात तिचे नशीब फिरले ते 1870 नंतर. हाइन्रिख श्लीमान नावाच्या जर्मन गृहस्थाने होमरच्या काव्यातले ट्रॉय शोधण्यासाठी तुर्कस्तानात हिसार्लिकची टेकडी खणली. तिथे मातीच्या चकत्यांवर त्याला ही खूण सापडली. त्याने विद्वानांना पत्रे घातली, आणि ट्रॉयच्या मातीतल्या त्या खुणेला संस्कृतातले नाव मिळाले. ऋग्वेद छापणाऱ्या माक्स म्युलरला हे रुचले नव्हते. स्वस्तिक हा हिंदुस्थानातला शब्द आहे, त्याला तिथला इतिहास आहे. तो बाहेरच्या खुणांना चिकटवू नये, असे त्याने श्लीमानला कळवले होते. त्याचे कुणी ऐकले नाही. वाचताना मला वाटत राहिले, एका शब्दाच्या बाबतीत माणसे थोडी काटेकोर राहिली असती तर! पण इतिहासाला ‘तर’ विचारू नये, असे मीच मुलांना सांगते.

पुढची चाळीसएक वर्षे ही खूण पश्चिमेत निव्वळ सुदैवाची म्हणून मिरवली. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या पुस्तकांवर गणपतीच्या मस्तकाबरोबर ती छापली जाई. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्याच्या दाराशी दगडी हत्ती उभे आहेत, त्यांच्या अंगावर ती कोरलेली आहे. फिनलंडच्या विमानांवर 1918 पासून ती निळ्या रंगात होती. अमेरिकेच्या 45व्या पायदळ डिव्हिजनचे शिपाई लाल चौकटीतले पिवळे स्वस्तिक खांद्यावर लावत. यांतल्या कुणाच्या मनात कसले विष होते?

विष दुसरीकडे तयार होत होते. भाषापंडितांनी एका भाषाकुळाला ‘आर्य’ हे नाव दिले होते. तो शब्द भाषेला लागतो, रक्ताला नव्हे, असे म्युलरने 1888 साली बजावूनही सांगितले. पण जर्मनी-ऑस्ट्रियातल्या काही मंडळींना रक्तच हवे होते. त्यांनी आर्यांची गोरी, उंच, शुद्ध अशी एक जात कल्पिली, आणि ट्रॉयपासून हिंदुस्थानापर्यंत सापडणारी ही खूण त्या जातीच्या पाऊलखुणा म्हणून घेतली. 1918 साली म्युनिकमध्ये थूल नावाची एक मंडळी या खुणेखाली जमत असे. 1920 च्या मार्चमध्ये बंडखोर सैनिक ती शिरस्त्राणावर रंगवून बर्लिनमध्ये शिरले. त्याच उन्हाळ्यात म्युनिकच्या एका लहानशा पक्षाने तिचे निशाण केले.

हे निशाण हिटलरने सहज उचलले नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने त्यावर पाने खर्ची घातली आहेत. पुष्कळ नमुने आले, त्यांत श्टार्नबेर्गच्या एका दंतवैद्याचा बराच जवळचा होता, पण अखेरचे माप आपण ठरवले, असे तो लिहितो. तांबडा रंग समाजवाद्यांच्या सभांतला. त्यांच्या लोकांना ओढायचे तर तोच हवा. मध्ये पांढरे वर्तुळ राष्ट्राचे, आणि त्यात काळी खूण आर्यांच्या विजयाची. जर्मनांचा शब्द ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस. ‘स्वस्तिक’ हे नाव जगभर पसरले ते इंग्रजीतून. मला या माणसात सगळ्यात भयानक काय वाटते म्हणाल, तर त्याची ही जाण. माणसाच्या डोळ्याला काय धरून ठेवते हे त्याला चांगल्या चित्रकारापेक्षा जास्त कळत होते. सत्ता आल्यावर व्यापाऱ्यांनी ते चिन्ह वाटेल त्या मालावर छापायला सुरुवात केली, तेव्हा 19 मे 1933 ला राष्ट्रीय चिन्हांची अप्रतिष्ठा रोखणारा कायदा झाला. माणसांच्या प्रतिष्ठेची मात्र कुणाला फिकीर नव्हती.

मग 15 सप्टेंबर 1935. न्यूरेंबर्गला एकाच दिवशी हे निशाण जर्मनीचा राष्ट्रध्वज झाले, ज्यूंचे नागरिकत्व गेले, आणि हा ध्वज ज्यूंनी उभारायचा नाही असेही कायद्याने ठरले. म्हणजे त्या दिवसापासून ही खूण काही माणसांना ‘तुम्ही आमचे नाही’ असे सांगण्यासाठीच फडकू लागली. साठ लाख ज्यू त्या निशाणाखाली मारले गेले. हा आकडा आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे वजन जाणवत नाही.

म्हणून एक कमी ऐकलेली गोष्ट सांगते. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. जिप्सी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. त्यांच्या बोलीत कानाला ‘कान’ आणि नाकाला ‘नाख’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’ म्हणतात, आणि माणसाला ‘मनुष’. नाझींनी या लोकांनाही अशुद्ध रक्ताचे ठरवले. दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत रोमा मारले गेले असावेत असा अंदाज आहे. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री ऑश्वित्झच्या छावणीत उरलेल्या चार हजारांच्या आसपास रोमांना, बायकामुलांसह, विषारी वायूच्या कोठड्यांत नेण्यात आले. ‘आर्य’ हा शब्द इथला, ‘स्वस्तिक’ हा शब्द इथला, आणि ज्यांना त्या नावाने मारले त्यांच्या तोंडातला ‘मनुष’ही इथला. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडे काही लोक अजून मोठ्या अभिमानाने सांगतात की हिटलरने आपली खूण घेतली. त्या लोकांना मी हे तीन शब्द एकापुढे एक ठेवून दाखवते.

त्या युद्धात आपलीही माणसे होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. हाताखालचे सगळे मेले वा जखमी झाले, तेव्हा हे एकटेच मशीनगनवर धावून गेले. नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीच्या काठी असेच एकटे उरले; जखमी सोबत्यांना पाण्यातून ओढून आणले, शत्रूच्या मशीनगना बंद पाडल्या आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. समोरच्या जर्मन शिपायाच्या छातीवर गरुड असे आणि त्याच्या पंज्यात हे चिन्ह. इकडे गावाकडच्या घरांतून उंबऱ्यावर तेच. गावाला कुणी जाऊन सांगितले असते, की तुमच्या पोरांवर गोळ्या झाडणाऱ्याच्या छातीवर हेच होते, तर आयाबायांनी रांगोळीची चिमूट खाली ठेवली असती का? मला नाही वाटत. आणि ठेवावी असेही वाटत नाही.

का वाटत नाही, हे मात्र नीट सांगितले पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, खूण म्हणजे भांडे. दूध ओता की विष ओता, भांड्याचा काय दोष? हा दाखला मला अर्धाच पटतो. भांडे घासले की विष जाते. खुणेतला अर्थ खुणेत नसतोच, तो पाहणाऱ्याच्या आठवणीत असतो, आणि दुसऱ्याची आठवण आपल्याला घासता येत नाही. ज्या बाईने लहानपणी ते निशाण फडकणाऱ्या रस्त्यावरून बापाला नेताना पाहिले, तिला ‘अहो, हे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे’ असे सांगून काय उपयोग? तिचे तिला नव्वद वर्षे पुरले आहे.

मग अशा खुणेचे करायचे काय? काहींनी ती टाकून दिली. 1940 च्या फेब्रुवारीत नव्हाहो, होपी, अपाची आणि पापागो लोकांच्या प्रतिनिधींनी लेखी जाहीर केले की आमच्या पूर्वजांची ही मैत्रीची खूण दुसऱ्यांनी विटाळली आहे, आता आम्ही ती विणणार नाही. अमेरिकेच्या त्या 45व्या डिव्हिजनने 1939 मध्येच खांद्यावरचे स्वस्तिक उतरवून आदिवासींच्या कथांतला गरुडपक्षी लावला; आणि 29 एप्रिल 1945 ला म्युनिकजवळची डाखाऊ छळछावणी मोकळी करणाऱ्यांत हेच शिपाई होते. किपलिंगने जिवंतपणीच पुस्तकांवरून खूण काढवली. फिनलंडने विमानांवरून ती 1945 मध्ये पुसली, पण हवाईदलाच्या मुख्यालयाच्या चिन्हातून जायला 2017 उजाडले. उलट कॅनडात स्वस्तिक नावाचे एक गाव आहे. युद्धकाळात सरकारने त्याचे नाव बदलून चर्चिलच्या नावावरून विन्स्टन ठेवले, तर गावकऱ्यांनी नवी पाटी उखडली. हे नाव हिटलरच्या आधीपासून आमचे आहे, असे त्यांचे म्हणणे. गाव आजही स्वस्तिकच आहे. मला दोघांचेही खरे वाटते, आणि ही माझी अडचण आहे.

एक मोठा दाखला मात्र मला धीर देतो, आणि तो खुद्द ज्यूंचाच आहे. नाझींनी त्यांची षट्कोणी चांदणी, आपल्या यंत्रांत असते तशीच, पिवळ्या कापडावर छापली आणि 1941 च्या सप्टेंबरपासून जर्मनीतल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूच्या छातीवर शिवायला लावली. पवित्र खुणेची अशी धिंड क्वचितच निघाली असेल. त्या लोकांनी चांदणी टाकली नाही. 28 ऑक्टोबर 1948 ला इस्राएलने आपला ध्वज ठरवला, त्यावर मधोमध तीच आहे. छळणाऱ्याला शेवटचा शब्द द्यायचा नाही, हा त्यातला भाव मला समजतो. पण त्यांनी तो रक्ताची किंमत देऊन मिळवला होता. आपण कोणती किंमत दिली?

आपण तर उलटेच वागतो. 2007 साली सगळ्या युरोपात या खुणेवर बंदी घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदूंनी हरकत घेतली आणि ते योग्यच केले. 2008 मध्ये जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंच्या बैठकीत ज्यूंनीही मान्य केले की हिंदूंच्या स्वस्तिकाचा नाझींशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणली आणि हिंदू, बौद्ध, जैनांचे स्वस्तिक स्पष्टपणे वगळले. जग आपल्यासाठी फरक करू लागले आहे. आणि आपण? 2006 साली नव्या मुंबईत खारघरला एक खाणावळ निघाली ती हिटलरच्या नावाची, त्याच्या चित्रासकट आणि त्याच्या स्वस्तिकासकट. आगगाडीच्या डब्यात राजकारणावर बोलणे निघाले की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतोच, “या देशाला एक हिटलरच पाहिजे.” ज्याच्या तोंडी हे वाक्य आहे त्याने ‘आमचे स्वस्तिक निराळे’ असे जगाला कोणत्या तोंडाने सांगावे?

त्या खाणावळीला विरोध कुणी केला, ते लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या ज्यूंनी. यांतले बहुतेक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातलेच. यांचे पूर्वज रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे. घरात बोलणे मराठी. त्यांच्या दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची लहानशी नळी ठोकलेली, शेजारच्या उंबऱ्यावर स्वस्तिक. शतकानुशतके ही दोन दारे शेजारी शेजारी उघडली आणि मिटली. आपल्या धर्मावरून इथे आपला छळ झाला नाही, हे ते लोक स्वतः सांगत आले. शेजारणीच्या स्वस्तिकाने ते कधी दचकले नाहीत. 2006 मध्ये दचकले. खूण तीच होती. तिच्या शेजारी टांगलेले चित्र निराळे होते. फरक त्यांना कळत होता, आपल्याला कळला नव्हता. अखेर विरोधापुढे नाव बदलले गेले.

माझी एक विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या म्युनिकला असते. गेल्या दिवाळीआधी तिचा फोन आला. “बाई, दाराबाहेर रांगोळीत स्वस्तिक काढू का? कायद्यानं काही नाही म्हणतात. पण हात थबकतो.” ज्या शहरात ते निशाण शिवले गेले आणि जिथून डाखाऊ जवळ आहे, तिथे हात थबकला याचे मला बरे वाटले. काढ असे मी म्हटले नाही, काढू नकोस असेही म्हटले नाही. मी विचारले, “शेजारी कोण राहतं?” तिला माहीत नव्हते. खालच्या मजल्यावर एक वयस्कर बाई आहेत, जिन्यात भेटल्या की मान हलवतात, इतकेच.

“मग आधी चार करंज्या घेऊन जा,” मी म्हटले.

तिने स्वस्तिक देवापुढच्या पाटावर काढले आणि दाराशी लक्ष्मीची पावले. करंज्या घेऊन गेली तर त्या बाईंनी तिला तासभर बसवून घेतले. काय बोलणे झाले ते तिने सगळे सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. यंदा दारात काय काढायचे ते तिचे ती ठरवील. करंजीचे कातणे मात्र तिने इथून मागवून घेतले आहे.